गणिताचे गुण आणि गणिताची समज

(आपल्या मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात जासई येथे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ फेरफार करून दिले आहे.)



आज येथे चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो नकाराचाच होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन आम्ही प्राथमिक शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांस तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकविले, एवढीच काय ती आमची शिदोरी. ह्या मंडपात आज अभियंते बसले आहेत, वकील आहेत, मोठमोठ्या परीक्षा दिलेल्या आपल्या लेकी आहेत. त्यांच्यापुढे आम्ही गणितावर बोलावे हे धार्ष्ट्यच होय. परंतु हायस्कुलात गणितापाशी अडखळणारी मुले आमच्यासारख्यांच्या हाताखालूनच पुढे गेलेली असतात, आणि विषय राहिला म्हणजे त्यांतील काही पुन्हा आमच्याच ओटीवर येऊन बसतात. त्यांचे मुके तोंड आम्ही पाहिले आहे, म्हणून बोलण्यास उभे राहिलो आहोत.

मघाशी गुणवंत विद्यार्थ्यांची नावे व त्यांचे शेकडा गुण वाचून दाखविण्यात आले. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या, त्या आम्हीही मनापासून वाजविल्या. परंतु ज्या मुलांची नावे त्या यादीत नव्हती ती मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसली आहेत, आणि काही तर घरातून निघालीच नाहीत. आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी व त्यांच्या आईबापांसाठी आहे.

त्या शेवटच्या रांगेशी आमचे जुने नाते आहे. १९७७ सालच्या मार्चमध्ये आमचा स्वतःचा गणिताचा विषय राहिला होता. भूमितीची प्रमेये आम्ही स्तोत्रासारखी पाठ करून गेलो होतो. प्रश्नपत्रिकेत त्रिकोण उलटा काढलेला निघाला, अक्षरे निराळी आली, आणि आमची सारी भूमिती त्या एका आकृतीत बुडाली. वडील मिठागरावर कामाला जात. निकाल ऐकल्यावर ते रागावले नाहीत, पायाची माती धुता धुता एवढेच म्हणाले, "पुन्यांदा बस." गावातील एका वृद्ध गुरुजींकडे आम्ही चार महिने जाऊन बसलो. त्यांनी नवीन असे काहीच शिकविले नाही. आम्ही वहीत लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे ते तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द लिहीत: "का?" ज्या ओळीचे उत्तर देता येईना ती खोडावयाची, असा त्यांचा दंडक. ऑक्टोबरच्या परीक्षेत आम्ही उत्तीर्ण झालो. गुण बेताचेच मिळाले; पण त्या चार महिन्यांत जे गणित आले ते आजतागायत विसरलो नाही. मार्चमध्ये आणखी थोडे गुण पदरात पडते तर आम्ही पास झालो असतो आणि गणित मात्र जन्मभर आले नसते. पास होणे आणि गणित येणे ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे आम्हांला त्या वर्षी कळले. आज जे सांगावयाचे आहे ते ह्या एका गोष्टीचाच विस्तार होय.

आपण ज्या परीक्षेला इतके भितो, ती आहे तरी काय हे प्रथम पाहू. मुंबई विद्यापीठाने पहिली मॅट्रिक १८५९ साली घेतली. न्यायमूर्ती रानडे हे त्या पहिल्या तुकडीतले. पुढे सुमारे ९० वर्षे ही परीक्षा विद्यापीठाच्याच हाती होती. १९४९ पासून तिच्या जागी एस.एस.सी. आली, आणि १९७५ पासून ती अकरावीऐवजी दहावीच्या अखेरीस होऊ लागली. आज गणिताच्या १०० गुणांची वाटणी अशी आहे: भाग पहिला म्हणजे बीजगणित, ४० गुण, भाग दुसरा म्हणजे भूमिती, ४० गुण, प्रत्येक भागाला दोन तासांचा वेळ, आणि उरलेले २० गुण गृहपाठ व शाळेतील चाचण्या पाहून शाळेने द्यावयाचे. एकूण ३५ गुण पडले म्हणजे विषय सुटला.

पुस्तकात विषय कोणते? पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. दुसऱ्या भागात समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. ही यादी पाहून आम्हांला असे वाटते की अभ्यासक्रम करणाऱ्यांनी मुलांकडून काही वाईट मागितलेले नाही. कर कसा मोजावा, भाग म्हणजे काय, झाडाची उंची न चढता कशी काढावी, टाकीत पाणी किती मावते, हे सारे त्यात आहे. पूर्वी 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्यायही काही वर्षे उपलब्ध होता. नवा अभ्यासक्रम आला आणि तो बंद झाला. आता सर्वांना एकच वाट आहे.

प्रश्नपत्रिकेची घडण पालकांनी एकदा तरी डोळ्यांखालून घालावी. प्रत्येक भागाच्या ४० गुणांपैकी पहिले ८ गुण एकेका गुणाच्या प्रश्नांना असतात. त्यांतील ४ तर चार पर्यायांतून एक निवडण्याचे. पुढे कृती असतात, म्हणजे उदाहरण छापून दिलेले असते आणि मुलाने मधल्या चौकटी भरावयाच्या असतात. नंतर दोन आणि तीन गुणांची उदाहरणे येतात. अगदी अखेरीस चार गुणांचे दोन प्रश्न व तीन गुणांचा एक प्रश्न सोडवावयाचा असतो, म्हणजे ११ गुण. तेथे मात्र स्वतःचे डोके चालवावे लागते. म्हणजे उरलेल्या २९ गुणांपैकी पुष्कळसे केवळ सरावाने मिळविता येतात. ह्यात गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. कच्च्या मुलाला धीर येण्यासाठी सोपे प्रश्न हवेतच. आमची तक्रार एवढीच की, वर्षभर ते २९ गुण घोटून घेतले जातात आणि अखेरच्या ११ गुणांच्या वाटेला जाऊच नये असा सल्ला मुलांना उघडपणे दिला जातो.

आता दुसरी गोष्ट. गुणांचा काटा सदैव एकसारखा राहत नाही. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे ह्या विषयांचे शाळेकडील २० गुण काढून घेण्यात आले, निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्याच वर्षी ते गुण परत देण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे व दहावीच्या वर्षातले शाळेतील गुण धरून ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण ठरली. चार वर्षांत आपली मुले काय एवढी मंद झाली आणि लगेच एवढी हुशार झाली? मुले तीच, गुरुजी तेच. माप तेवढे बदलले. ज्या घरात २०१९ साली अनुत्तीर्ण मुलाला कपाळकरंटा म्हटले गेले, त्याच घरात दोन वर्षांनी धाकट्याचे पेढे वाटले गेले असतील. मापाने मोजल्याशिवाय गत्यंतर नाही हे खरे. पण माप कोणते आहे हे न पाहता मुलाची किंमत ठरविणे हा अन्याय होय.

मोठ्या विद्यापीठांनाही हा विचार करावा लागला आहे. आपल्या कोकणातले, दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम येऊन सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. म्हणून महाराष्ट्र त्यांना जन्मभर रँग्लर परांजपे ह्याच नावाने ओळखीत राहिला. परंतु पुढे दहाच वर्षांनी, १९०९ नंतर, केंब्रिजने ती क्रमवारी जाहीर करणे बंद केले. क्रमांकासाठी झटपट उदाहरणे सोडविण्याची तालीम होते आणि खरे गणित बाजूला पडते, असा आक्षेप तेथील गणितज्ञच घेऊ लागले होते. जी गोष्ट केंब्रिजमध्ये घडली, ती आपल्या शिकवणी-वर्गांत घडत नसेल असे कोणी म्हणावे?

आता आपल्या घरच्या गणिताकडे येऊ. ह्या जासईच्या भूमीत टक्केवारी हा विषय पुस्तकातून शिकवावा लागत नाही. नवी मुंबईसाठी सिडकोने पनवेल, उरण आणि ठाणे भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९८४ सालच्या १६ व १७ जानेवारीस जे आंदोलन झाले, त्यात आपल्या पाच जणांनी प्राण दिले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना उभी राहिली. म्हणजे संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत मिळावयाचा. त्यातूनही ३० टक्के सामाजिक व सार्वजनिक सोयींसाठी कापून घेतले जातात. हे आकडे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहेत. पण त्यांचे गणित कितीजणांना करता येते?

काही वर्षांमागची गोष्ट. आमचे एक वृद्ध आप्त आपल्या नातवाला घेऊन आमच्याकडे आले. नातू त्याच वर्षी दहावी झालेला. गणितात १०० पैकी ८४ गुण. म्हाताऱ्याला नातवाचे कौतुक. बोलता बोलता आम्ही त्या मुलास विचारले, "बाळ, एक एकर जमीन गेली असे धर. चाळीस गुंठे. साडेबारा टक्क्यांप्रमाणे, तीस टक्के कापून, हातात भूखंड केवढा येईल?" मुलाने कागद घेतला. चाळिसांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच, हे त्याने चटकन काढले. मग चाळिसांचे तीस टक्के म्हणजे बारा काढले, आणि पाचांतून बारा वजा करून उत्तर लिहिले: उणे सात गुंठे. त्याखाली नीट दोन रेघाही मारल्या. म्हातारा हसू लागला. म्हणाला, "म्हंजे आपूनच सरकारला सात गुंठं देनं लागतो का रं?"

मग त्यांनी स्वतःच बोटांवर हिशेब केला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. "शंभरात साडेबारा म्हंजे रुपयात दोन आनं. चाळीस गुंठ्यांचं झालं पाच. त्या पाचाचं तीस टक्के म्हंजे दीड. दीड गेला, ऱ्हायलं साडेतीन." उत्तर बरोबर होते. साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के. जुन्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. अपूर्णांक त्यांच्या जिभेवर असत. परंतु पाठांतराचे गुणगान करण्यासाठी आम्ही ही गोष्ट सांगितलेली नाही. म्हाताऱ्याचे खरे ज्ञान वेगळेच होते. तीस टक्के कशाचे, हे त्याला ठाऊक होते. आणि उत्तर उणे येऊ शकत नाही हेही त्याला ठाऊक होते.

मुलगा मंद नव्हता. वस्तू व सेवा कराची उदाहरणे तो धडाधड सोडवीत होता. आम्ही त्याला चूक दाखविली तेव्हा तो खालच्या मानेने म्हणाला, "गुरुजी, कशाचे टक्के ते उदाहरणात लिहिलेलंच असतं. आम्हांला कोणी विचारतच नाही." मंडळी, एवढ्या वर्षांत परीक्षापद्धतीवर ह्याहून खरे भाष्य आमच्या ऐकण्यात आले नाही. जे विचारले जात नाही ते शिकविले जात नाही, आणि जे शिकविले जात नाही ते ८४ गुणांतही येत नाही. ह्या एका प्रश्नापायी, तीस टक्के कशाचे ह्या प्रश्नापायी, कित्येक घरांनी मध्यस्थाने सांगितलेल्या आकड्यावर अंगठा उठविला. अशी घरे आपल्यात किती, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. ज्या टक्क्यांसाठी रक्त सांडले ते टक्के मोजता न येणे ही आपल्या समाजाला परवडणारी गोष्ट नव्हे.

तर मग हायस्कुलातील मुलाकडून गणितात अपेक्षा तरी कोणती धरावी? आमच्या अल्प मतीप्रमाणे चार.

पहिली अपेक्षा अंदाजाची. न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर आपल्या दारावरून रात्रंदिवस जातात. वीस फुटी कंटेनर घ्या: लांबी २० फूट, रुंदी ८ फूट, उंची साडेआठ फूट. त्याचे घनफळ १,३६० घनफूट येते. एखाद्या मुलाचे उत्तर १३,६०० आले, तर ते चुकले आहे हे त्याला पाहताक्षणीच कळले पाहिजे. कारण रुंदी व उंची दहा-दहा फूट धरली तरी घनफळ २,००० च्या वर जाऊ शकत नाही.

दुसरी अपेक्षा कारणाची. भूमितीत दोन त्रिकोण समरूप आहेत असे लिहिले, तर ते कशावरून हे सांगता आले पाहिजे. आकृती उलटी असली, अक्षरे बदलली तरीही. ह्याच एका गोष्टीने आमचे एक वर्ष धोक्यात आणले होते.

तिसरी अपेक्षा व्यवहारातील गोष्ट गणितात मांडण्याची. खाडीत सहा किलोमीटर अंतर ओहोटीच्या ओढीबरोबर जाताना होडीला एक तास लागला आणि त्याच प्रवाहाविरुद्ध परत येताना दोन तास लागले. शांत पाण्यातील होडीचा वेग एक चल, प्रवाहाचा वेग दुसरा चल. बेरीज सहा, वजाबाकी तीन. म्हणून होडीचा वेग ताशी साडेचार किलोमीटर व प्रवाहाचा दीड. आपल्या आजोबांना ही खाडी ठाऊक होती, नातवंडांना समीकरण ठाऊक आहे. दोहोंची गाठ घालून देणे हे गणिताच्या शिक्षकाचे काम.

चौथी अपेक्षा पडताळ्याची. उत्तर आले म्हणजे काम संपले नव्हे. साडेचार आणि दीड मिळून सहा होतात ना, साडेचारांतून दीड गेले तर तीन उरतात ना, हे उलट ताडून पाहणे मुलाच्या अंगवळणी पडले पाहिजे. उणे सात गुंठ्यांखाली रेघा मारणारा हात ह्या सवयीनेच थांबला असता.

ह्या चार अपेक्षा वर्षाच्या आरंभीच मुलांना त्यांच्या भाषेत सांगाव्यात, आणि वर्षभर त्यांवरच त्यांना पारखावे. ह्यासाठी नवे कायदे लागत नाहीत. शाळेच्या हातात जे २० गुण आहेत ते ह्याच कामासाठी आहेत. आज पुष्कळ ठिकाणी गृहपाठाच्या वह्या मार्गदर्शिकेतून उतरविल्या जातात, आणि नेटके अक्षर पाहून त्यांना गुण मिळतात. त्याऐवजी सहामाहीत एकदा प्रत्येक मुलास जवळ बोलावून त्याच्याच वहीतील एका ओळीवर बोट ठेवावे आणि "का?" एवढेच विचारावे. वर्गात ६० मुले असली आणि प्रत्येकास दोन मिनिटे दिली, तरी दोन तासांत हे काम होते. त्या दोन मिनिटांत शिक्षकाला जे कळते ते दहा चाचण्यांत कळत नाही.

येथे आमचा स्वतःचा दोषही सांगितला पाहिजे. २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा नाना साधनांनी मुलाची पारख वर्षभर करीत राहावी, ही कल्पना उत्तम होती. आमच्या वृद्ध गुरुजींच्या तांबड्या पेन्सिलीचेच ते मोठे रूप होते. पण आम्ही काय केले? सत्र संपत आले म्हणजे एका बैठकीत चाळीस मुलांच्या नोंदी लिहून काढल्या: "गणिती क्रिया अचूक करतो", "उदाहरणे समजून घेतो". ज्या मुलाला भागाकार येत नव्हता त्याच्याही नावापुढे असेच काही गोड लिहिले गेले. तो मुलगा आठवीपर्यंत न अडता गेला आणि नववीत वर्गमुळापाशी येऊन धाडकन पडला. पडला तो नववीत; पण त्याला पाडले आमच्या खोट्या नोंदीने. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीस पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. परीक्षेने थोडा धाक बसेल. पण नोंद खरी लिहिली गेली नाही तर परीक्षाही काही करू शकणार नाही. ह्या चुकीबद्दल आम्ही ह्या सभेत, आमच्या हाताखालून गेलेल्या सर्व मुलांची क्षमा मागतो.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात २०२४ साली अशी सूचना आली की, गणित किंवा विज्ञान ह्या विषयांत ३५ पेक्षा कमी पण २० पर्यंत गुण पडलेल्या मुलास अकरावीत जाऊ द्यावे. मात्र गणित व विज्ञान ह्यांवर आधारलेले शिक्षण त्यास पुढे घेता येणार नाही असा शेरा प्रमाणपत्रावर असावा. ह्या सूचनेमागील कळकळ आम्हांला समजते. ज्याला चित्रकलेत, भाषेत वा व्यापारात गती आहे, त्याचे आयुष्य एका विषयापायी का थांबावे? गणितात राहिलेली आणि पुढे शाळेचे तोंड न पाहिलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. तरीही आमच्या मनात भीती आहे. ज्या घरात शिकलेले कोणी नाही, त्या घरातले मूल पंधराव्या वर्षी थोडक्या गुणांनी मागे पडते ते बुद्धी नसल्यामुळेच असे नव्हे, पुष्कळदा त्याला कोणी "का?" विचारलेले नसते. अशा मुलाच्या कागदावर तो शेरा पडला की तंत्रशिक्षणाचा दरवाजा त्याला कायमचा बंद. बंदर, विमानतळ, कारखाने आपल्या भूमीवर उभे राहिले. त्यांत तंत्रज्ञ बाहेरून यावे आणि आपली मुले फाटकावर पहारा करीत राहावीत, हे आपल्याला मान्य आहे काय? म्हणून अशी सवलत कधी मिळाली तरी ती घेण्यापूर्वी पालकांनी दहा वेळा विचार करावा, आणि पुरवणी परीक्षेचा मार्ग आधी धरावा. आमच्या वेळी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. २०१५ पासून ती परीक्षा निकालानंतर थोड्याच दिवसांत होऊ लागली, त्यामुळे वर्षही फुकट जात नाही.

पालकांना आमच्या तीन विनंत्या आहेत. मूल चाचणीचा कागद घेऊन घरी आले म्हणजे "किती मिळाले?" असे न विचारता "कुठे चुकलास?" असे विचारा. आपल्याला गणित येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. आणि मुलाने चूक समजावून सांगितली की ती निम्मी सुधारलीच. दुसरी विनंती, तपासलेले कागद रद्दीत टाकू नका, जपून ठेवा. आमच्याकडे एक मुलगी येत असे. तिची उत्तरे बरोबर असूनही गुण कमी पडत, आणि घरची माणसे तिला बोल लावीत. कागद पाहिले तेव्हा कळले की ती मधल्या पायऱ्या मनात करून नुसते उत्तर लिही. गुण पायऱ्यांना असतात हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे ती सगळ्या पायऱ्या लिहू लागली आणि तिची तक्रार मिटली. अंतिम परीक्षेच्या निकालाबद्दल शंका असली तर मंडळाकडे अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते, हेही लक्षात ठेवा. तिसरी विनंती लेकींविषयी. "मुलीला काय करायचंय गणित?" हे वाक्य आपल्या ओटीवरून हद्दपार करा. भूखंडाच्या कागदावर आता तिचीही सही लागते.

आपल्या मंडळाकडेही एक मागणे आहे. पुढच्या वर्षीपासून दोन बक्षिसे नवी ठेवावीत. एक, पुरवणी परीक्षेत गणित सोडविणाऱ्या मुलास किंवा मुलीस; त्या मुलाला व्यासपीठावर बोलावून त्याच्यासाठीही अशाच टाळ्या वाजाव्यात. दुसरे, आपल्या गावातील जमीन, मीठ, भात, होडी, कंटेनर ह्यांवर स्वतः उदाहरण रचून ते सोडवून दाखविणाऱ्यास. बक्षिसाची रक्कम लहान असली तरी चालेल. पाहिजे तर पहिल्या वर्षीची आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ.

आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांनो, तुमच्यासाठी एक निरोप. रविवारी सकाळी आमच्या ओटीवर चटई घातलेली असते. फी नाही, मार्गदर्शिका नाही. येताना तुमचा नापास झालेला कागद तेवढा घेऊन या. तो लपवू नका, आम्हांला तोच हवा आहे. तांबडी पेन्सिल आमच्याजवळ आहे.



जय हिंद, जय महाराष्ट्र.